बेण्याची झाडं

वासंती गेल्याचा फोन आला, तेव्हा मी तिच्यावर चिडलेली होते. त्या सकाळी शाळेला निघताना माझी शिलाईची टेप पुन्हा गायब होती आणि ती कुठं असणार हे मला न विचारता ठाऊक होतं. वासंतीच्या गळ्यात. तिच्याकडं स्वतःची लोखंडी टेप होती, पण कापडी टेप झाडाला नीट बिलगते असं तिचं म्हणणं. माझ्या टेपा परत यायच्या त्या डिंकाचे डाग घेऊन, आणि मग ब्लाऊजच्या कापडावर ते डाग उतरायचे. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला फोन करून चांगलं झापायचं, असं मी भूमच्या एसटीत बसल्या बसल्या ठरवलंसुद्धा होतं. मधल्या सुट्टीत फोन वाजला, पण तो यांचा. यांना बोलता येईना. मग यांच्या सुतारकामाच्या कारखान्यातल्या मिस्त्रींनी फोन घेतला आणि सांगितलं, की ताई ओढ्याकाठी झाडं मोजता मोजता पडल्या, सोलापूरला नेत होतो, बार्शीच्या पुढं गाडीतच... दवाखान्यातून एक प्लॅस्टिकची पिशवी आली. त्यात तिचा चष्मा होता, मोबाईल होता आणि माझी टेप होती. मी तेव्हाही चिडलेलीच होते आणि आज, इतक्या आठवड्यांनी हे लिहायला बसले आहे तेव्हाही चिडलेलीच आहे. फक्त आता वासंतीवर नाही.

वासंती माझी नणंद. यांची धाकटी बहीण. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ती अकरावीत होती आणि पहिल्याच आठवड्यात तिनं मला विचारलं होतं, "वैनी, तुमच्या माहेरच्या दारातला लिंब किती जुना हाय?" मला सांगता आलं नाही. एवढंही कसं ठाऊक नाही, म्हणून ती माझ्याकडं अशी बघत राहिली, की मी पुढच्या माहेरपणात वडिलांना ते पहिलं विचारलं. पुढं ती वनशास्त्र शिकली आणि शेजारच्या राज्यातल्या एका कागद कारखान्यात नोकरीला लागली. तिथं तिचं काम म्हणजे कॉम्प्युटरवर जंगल चालवणं. हा तिचाच शब्द, चालवणं. कुठल्या शेतात कुठलं झाड, त्याचा घेर किती, ते वर्षाला किती वाढतं, किती मरतात, किती लावली जातात, हे सगळं मशीनमध्ये भरायचं आणि मग वर्षं पळवायची. पुढची तीस वर्षं, चाळीस वर्षं. दर वर्षी किती तोड केली तर कारखान्याचं पोटही भरेल आणि झाडंही संपणार नाहीत, ते त्यातून दिसायचं. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा ती नोकरी सोडून आली. सासूबाई गेल्या, पण ती परत गेली नाही. लग्न केलं नाही. त्याबद्दल गावाला जे बोलायचं होतं ते गावानं बोलून घेतलं आणि तिनं ऐकून सोडून दिलं.

आमच्या गावात सुतारांची चार-पाच घरं. पूर्वी औतं करायची, बैलगाड्या करायची. ट्रॅक्टर आले आणि ते सगळं बसलं. मग यांनी आणि आणखी काही जणांनी मिळून संस्था काढली, छोटा कारखाना टाकला. चौरंग, पाट, देव्हारे करायचे आणि तुळजापूरच्या दुकानांना द्यायचे. माल चांगला खपायचा. अडचण लाकडाची. लाकूड बाहेरून ट्रकनं यायचं आणि ट्रक आला नाही की नवरात्राच्या तोंडावर सुतार हातावर हात ठेवून बसायचे. वासंतीनं सांगितलं, गावाचं लाकूड गावात तयार करू. बांधावर, माळावर, ओढ्याच्या कडेनं लिंब, बाभूळ, शिसव लावू. आहेत ती मोजू. आणि कुठल्या वर्षी कुठलं तोडायचं ते मशीनवर बघून ठरवू. हे संस्थेचे अध्यक्ष. बहिणीवर त्यांचा फार जीव. ते लगेच हो म्हणाले. बाकीच्यांनी त्याला ताईचा व्हिडिओ गेम असं नाव ठेवलं.

पहिल्यांदा तिनं तो खेळ दाखवला तो कारखान्यात, भिंतीवर पांढरं धोतर ताणून. प्रत्येक झाड म्हणजे एक हिरवा ठिपका, घेर वाढेल तसा ठिपका मोठा होणार. तिनं वर्षं सोडली आणि बघता बघता आमचं उजाड शिवार हिरवंगार झालं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या यांनी तर शिट्टी वाजवली. आणि वासंती उठली आणि तिनं ते बंद केलं. म्हणाली, "हे आपलं गाव न्हाई. ह्या गावात पाऊस पडतोय." वाढीचे आकडे तिनं मुद्दाम त्या कागद कारखान्याकडचे घातले होते. आता आपले घालायचे, आणि ते कुठल्या पुस्तकात नाहीत, ते मोजायला लागतील. तेव्हापासून माझ्या टेपा जायला लागल्या. काही वर्षं ती उन्हातान्हात तीच तीच झाडं छातीइतक्या उंचीवर मोजत फिरली. आमच्याकडं लिंबसुद्धा किती चेंगटपणानं वाढतो, ते तिनं मला एकदा स्वयंपाकघरात कणीक मळताना अर्धा तास सांगितलं होतं.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते दुष्काळावरून. तिनं मशीनमध्ये दुष्काळ घातला होता. कुठल्या वर्षी येईल ते कुणालाच माहीत नसतं, म्हणून मशीन चिठ्ठी टाकल्यासारखं ते वर्ष स्वतः उचलायचं. त्यामुळं दर खेपेला चित्र वेगळं यायचं. कधी बारा वर्षं बरी जायची, कधी लागोपाठ दोन-तीन कोरडी. म्हणून एकदा चालवून भागत नाही, पुन्हा पुन्हा चालवायचं आणि त्यातल्या वाईटात वाईट खेपेलाही जेवढं टिकतं, तेवढीच तोड धरायची. लोकांना ते सोसेना. एक संचालक म्हणाले, "ताई, तेवढा दुष्काळ काढून टाका की त्यातला. मानसं बेजार हुतात बघून." ती म्हणाली, "तुमी पंचांगातून काढून आणा. मग म्या हितून काढते." दुष्काळाचं वर्ष आलं की पडद्यावरची वर्षं मुद्दाम सावकाश जायची, तशीच तिनं ती लावली होती. ठिपके पिवळे पडायचे, एकेक विझायचे. तेव्हा ती आपल्या खोलीतल्या खिडकीच्या फळीवरचा पितळी तांब्या पुढं करायची आणि सगळ्यांना म्हणायची, घ्या, पाणी पिऊन घ्या, पुढं मिळायचं नाही. आधी माणसं हसली. मग सवय पडली. शेवटी शेवटी तर पिवळं दिसायला लागलं की कुणी न सांगताच तांब्या फिरायला लागायचा.

आणि तिचा एक नियम होता. त्या साली तोडीची पाळी नसलेलं झाड कुणाला तोडायचं असेल तर ती अडवायची नाही. झाड त्याचं, बांध त्याचा. फक्त त्यानं तिच्या खोलीत यायचं, मशीनपुढं बसायचं आणि स्वतःच्या बोटानं तो ठिपका पुसायचा. मग चाळीस वर्षं बघायची. चहा पिऊन होईतो ती बघून व्हायची. हा नियम ऐकायला पोरखेळ वाटतो, मलाही वाटला होता. पण मी माझ्या डोळ्यांनी माणसं ठिपका न पुसता उठून गेलेली बघितली आहेत. आमचे एक चुलत सासरे मुलाच्या नव्या घराच्या चौकटीसाठी बांधावरचा लिंब पाडायचा म्हणून तावातावानं आले. तुझी मशीन माझ्या झाडाचं मला सांगणार व्हय, म्हणाले. वासंतीनं खुर्ची पुढं केली. ते बसले, बोट उचललं, आणि ते बोट तसंच हवेत राहिलं. मग म्हणाले, चौकट पुढच्या साली बसवली तर घर काय पळून जातंय का. चहा मात्र पिऊन गेले.

आता बेण्याच्या आठ झाडांचं सांगते. ओढ्याच्या काठी जुनी शिसवं होती, ताठ, सरळ, कवेत न मावणारी. आमच्या आठवणीतला सगळ्यात वाईट दुष्काळ, टँकरच्या मागं हंडे घेऊन पळायचा तो, त्यात भोवतीचं सगळं वाळलं आणि ही आठ उभी राहिली. वासंतीनं ती मशीनमध्ये कधीच तोडीला धरली नाहीत. संस्थेची सगळी शिसवाची रोपं त्यांच्याच शेंगांतून यायची, कारण कोरड्या वर्षात तग धरायची जात त्यांच्यात आहे हे सिद्ध झालेलं होतं. बाहेरची रोपं तिनं लावून बघितली होती. पहिल्याच कडक उन्हाळ्यात गेली. उसाचं बेणं राखतात तशी ही बेण्याची झाडं राखायची, हे तिनं इतक्या वेळा सांगितलं होतं, की गावातलं शेंबडं पोरही ते सांगेल. म्हणजे पुढं जे झालं ते कुणाला माहीत नव्हतं म्हणून झालं, असं कुणी मला सांगू नये.

ती गेली आणि गाव रडलं. खरंच रडलं, ते मी नाकारत नाही. तिसऱ्या दिवशी एसटीच्या थांब्यावर भावपूर्ण श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यात वासंतीचा फोटो लहान आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे मोठे, ते तर आपल्याकडं चालतंच. पण तो लावला होता थांब्यावरच्या लिंबाला, खिळे ठोकून. झाडाला खिळा दिसला की वासंती तिथंच थांबून तो उपटायची. खिळ्यावर झाड वाढतं, तो आत जातो आणि पुढं करवतीचं पातं मोडतं. मी शाळेतून येताना ते खिळे बघितले आणि तिथंच माझं डोकं फिरायला सुरुवात झाली. मग शोकसभा झाली. व्हिडिओ गेम म्हणणारे माईकवर येऊन दूरदृष्टी, दूरदृष्टी म्हणत होते. आणि शेवटी आमचे हे उठले. म्हणाले, वासूच्या नावानं गावाच्या तोंडाशी लाकडाची कमान उभी करायची, नक्षीची, दसऱ्याच्या आत, तुळजापूरला जाणारा प्रत्येक माणूस बघत राहिला पाहिजे. सगळ्यांचे डोळे पाणावले. माझेसुद्धा. लाकूड बाहेरून आणतील, असं मला वाटलं... दुसरं काही मनात यायचं कारणच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी शाळेतून लवकर आले. थांब्यावर उतरले तर ओढ्याकडून मशीनच्या करवतीचा आवाज. मी घरी गेलेच नाही, तशीच पर्स घेऊन ढेकळांतून ओढ्याकडं गेले. सात झाडं आडवी होती. करवतवाला आठव्याजवळ उभा राहून करवतीत पेट्रोल घालत होता. बाजूला संस्थेचे लोक, मिस्त्री, आणि मधे आमचे हे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलण्यात वेळ घालवला असता तर आठवंही गेलं असतं, म्हणून मी बोललेच नाही. करवतवाल्याच्या हातातून पेट्रोलचा कॅन घेतला आणि घराच्या दिशेनं चालायला लागले. तो मागून, बाई, बाई, करत आला. मी मास्तरीण आहे, मागून हाका मारणारी पोरं मी तीस वर्षं ऐकते आहे. मी थांबले नाही. तो कॅन अजून आमच्या मोरीत आहे.

घरी आल्यावर आमचं जे झालं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. यांना मी विचारलं, की बाहेरचं लाकूड मिळत नव्हतं का. तर ते म्हणाले, "तिच्या नावाला गाठीचं, वाकडंतिकडं लाकूड लावू व्हय? माझी बहीन हुती ती. गावात सगळ्यात चांगलं जे हाय तेच लावीन." या माणसाला मी इतकी वर्षं ओळखते. हा लबाड नाही, लोभी नाही. ती कमान करून त्याला एक पैसा मिळणार नव्हता. सगळ्यात प्यारं माणूस गेलं म्हणून त्यानं सगळ्यात चांगली झाडं पाडली, आणि ती झाडं नेमकी त्या माणसानं जिवापाड राखलेली होती. लबाडीवर मला रागावता येतं, मी ते रोज करते. या असल्या प्रेमाचं काय करायचं? मी म्हणाले, "तिला काय पाहिजे होतं ते ती रोज जेवताना तुमच्या समोर बसून सांगत होती. कमान मागितली होती का तिनं कधी?" ते ताटावरून उठले. मी जेवले. उपाशी राहून राग सांभाळता येत नाही.

आणि खरं सांगते, राग एकट्या यांच्यावर नव्हता. ते सगळे तिथं उभे होते. ज्यांनी त्या खोलीत बसून तांब्यातलं पाणी प्यायलं होतं, तेच. मिस्त्रींना तर हेही माहीत होतं, की ओल्या शिसवाची कमान केली तर ती पहिल्याच उन्हाळ्यात तडकणार. मग तोंडानं बोलला का नाहीत, असं मी त्यांना विचारलं. ते खाली बघून म्हणाले, "वैनी, अध्यक्ष रडत हुते. रडत्या मानसाला न्हाई कसं म्हनावं?" आमच्याकडं हे असं आहे. जिवंत बाई मोजून मापून सांगते तेव्हा वाद घालायला सगळे पुढं, आणि दुःखी माणूस चूक करतो तेव्हा अदब म्हणून सगळे गप्प. त्या अदबीत सात झाडं गेली. ती पुन्हा तेवढी व्हायला यातल्या कुणाचंही आयुष्य पुरणार नाही, हे सांगायला मशीनसुद्धा लागत नाही.

दसरा झाला, कमान झाली नाही. ओंडके कारखान्याच्या अंगणात पडून होते. मग मिस्त्री माझ्याकडं आले. पावसाळा सरला की वासंती दर वर्षी मशीन चालवून त्या सालच्या तोडीची झाडं ठरवून द्यायची. आता कोण देणार? मला ते चालवता येतं; तिनंच सुट्ट्यांमधे शिकवलं होतं. मी तिची खोली उघडली. लॅपटॉप तिच्या सवयीप्रमाणं वाकळेच्या घडीवर ठेवलेला. चालू केला तर शिवार समोर आलं आणि ओढ्याच्या रेघेवर आठही ठिपके जागच्या जागी, मोठे, हिरवे. मिस्त्री म्हणाले, ती सात तेवढी काढा आणि चालवा. मी म्हटलं, मी नाही काढणार. तिचा नियम तुम्हाला माहीत आहे. ज्यानं पाडली त्यानं यायचं आणि स्वतःच्या बोटानं पुसायची. यांना निरोप गेला. हे आले नाहीत. कितीतरी दिवस दारापर्यंत यायचे आणि गोठ्यात काहीतरी राहिल्यासारखे परत फिरायचे. कारखाना जुन्या लाकडावर चालला होता, तेही संपत आलं. मी हटले नाही.

गेल्या रविवारी दुपारी ते आले. चपला बाहेर काढल्या, वासंतीच्या खुर्चीवर न बसता बाजूच्या स्टुलावर बसले. मी पडदा त्यांच्याकडं वळवला. पहिला ठिपका पुसायला त्यांना फार वेळ लागला. पुढचे सहा त्यांनी न थांबता पुसले, घाईघाईनं, जखमेवरची पट्टी ओढतात तसे. मग मी वर्षं सोडली. पहिली काही वर्षं बरी गेली, बांधावरची शिसवं वाढत राहिली. मग कोरडं साल आलं आणि वर्षं सावकाश झाली. बांधावरचे ठिपके पिवळे पडले, विझले, आणि त्यांच्या जागी पूर्वी जशी नवी रोपं यायची तशी आली नाहीत. एकट्या झाडाच्या शेंगांनी किती होणार? पडद्याच्या खालच्या बाजूला, दर वर्षी किती तोडता येईल ते दाखवणारी रेघ उतरत उतरत तळाला लागली. यांची नजर पडद्यावर, आणि हात मात्र आपोआप खिडकीच्या फळीकडं गेला. चाचपला. तांब्या तिथंच होता, रोजच्यासारखा मी सकाळी भरून ठेवलेला. का ठेवत होते ते मला विचारू नका. ते घोटभर प्यायले आणि म्हणाले, "परत चालव."

परत चालवलं. या खेपेला दुष्काळ लवकर आला. ते परत प्यायले. मग पडद्याकडंच बघत म्हणाले, की कमान नको, ते लाकूड सावलीत वाळू द्या, पुढच्या सालांची तोड त्यातूनच धरा, म्हणजे तेवढी वर्षं दुसऱ्या झाडाला हात लागायचा नाही. आणि आठव्याच्या शेंगा आता मी स्वतः वेचीन. मी ऐकून घेतलं. शहाणपणाचं होतं, वासंतीनंही हेच सांगितलं असतं. पण ते ऐकून माझा राग गेला, असं इथं लिहिलं तर ते खोटं होईल. यातलं काहीच त्यांना नवं नव्हतं; तिनं ते जिवंतपणी शंभरदा सांगितलं होतं.

"आनखी एकदा," ते म्हणाले. मी चालवलं. पिवळं दिसायला लागल्यावर हात पुन्हा फळीकडं गेला, तांब्या उचलला गेला आणि तसाच तोंडाशी थांबला. रिकामा झाला होता. त्यांनी तो माझ्यापुढं धरला, एवढी वर्षं घरात रिकामं भांडं धरतात तसा. मी घेतला नाही. म्हटलं, उठा आणि तुम्ही भरून आणा. ते उठले, तांब्या घेऊन बाहेर रांजणाकडं गेले. ते येईपर्यंत मी वर्षं थांबवून ठेवली.